मनात येईल ते मोठ्याने बोला

भावनाचे फोटो मी दुपारी बघायचे, बकूला खाली चांगुणाताईंकडे सोडून आले की. २००७ चं साल, ऑर्कुटवर ती दर आठवड्याला काहीतरी नवीन टाकायची. बंगलोरच्या हॉटेलातली नाश्त्याची प्लेट. काचेच्या भिंतीवर चिकटवलेले पिवळे कागद आणि त्यांच्यासमोर उभी ती, हातात मार्कर, केस खांद्यापर्यंत कापलेले. एका फोटोत गळ्यात ओळखपत्र होतं. त्यावरचं पद मी फोटो मोठा करून वाचलं: सीनियर युझर एक्स्पीरियन्स डिझायनर.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका ऑफिसात आम्ही एकाच टेबलावर बसायचो. स्क्रीनचे कच्चे आराखडे काढताना ती मला विचारायची, "तेजू, हे बटण इथे बरं दिसतं का गं?" मी सांगायचे तिथे ते बटण जायचं. मग मला दिवस गेले, मी नोकरी सोडली. आता भावना मुंबईच्या एका डिझाइन एजन्सीच्या कामाने बंगलोरला कापलेली पपई खात होती आणि मी बदलापूरला, शिरगावातल्या दुसऱ्या मजल्यावर, नाचणीचं सत्त्व गाळत होते.

आमच्या कामाला तेव्हा आपल्याकडे धड नावही नव्हतं. माझी आई सगळ्यांना सांगायची, "कॉम्प्युटरवर चित्रं काढते." चित्रं काढावी लागायची, पण ती शेवटी. त्याआधी माणूस एखादी वस्तू वापरताना कुठे अडतो ते बघायचं असतं. गप बसून, बराच वेळ. त्यात मी चांगली होते. त्या वर्षी मात्र बघायला माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, भावनाचे फोटो आणि खिडकीतून दिसणारं चांगुणाताईंचं अंगण.

चांगुणाताईंचं घर आमच्या इमारतीच्या अगदी खाली. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. भात पिकायचा तिथे आता पार्किंग आहे. कौलारू घर आणि पुढचं सारवलेलं अंगण तेवढं राहिलं. त्यांचे दोन्ही मुलगे कामाला लागले, एक पनवेलला आणि एक पुण्याला, आणि त्या शेजारपाजारची पोरं सांभाळू लागल्या. बकूला, म्हणजे आमच्या बकुळाला, मी दुपारी दोन तास त्यांच्याकडे सोडायचे. "जरा काम असतं हो," असं सांगून. काम असायचं ते एका शाळेचं माहितीपत्रक, नाहीतर एका दातांच्या डॉक्टरची वेबसाइट. ते अर्ध्या तासात उरकायचं. उरलेला वेळ मी खिडकीत.

बकू दीड वर्षाची होती. चांगुणाताई अंगणात तांदूळ निवडत बसल्या की ती मागून जायची आणि त्यांच्या पाठीला पाठ टेकून बसायची. काही न करता, म्हाताऱ्या माणसासारखी. माझ्या पाठीला तिने कधी पाठ टेकली नव्हती. एकदा घरी मी मुद्दाम तशीच जमिनीवर बसले, तिच्याकडे पाठ करून, हातात तांदळाचं ताट घेऊन. ती पुढून आली आणि मोबाइल मागू लागली.

दिवाळीनंतर दोन फोन आले, एकाच आठवड्यात.

पहिला भावनाचा. भावना उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पातली. सिंधी शेजारात वाढल्यामुळे तिच्या बोलण्यात निम्मं हिंदी असायचं आणि मस्करीत एखादा साईं. "सुन, आमच्या एजन्सीत जागा निघतेय. लोअर परळला. मी तुझं नाव दिलंय. किती दिवस ते सत्त्व गाळत बसणार यार?"

"म्हणजे मी तुला रिपोर्ट करायचं?"

"कागदावर गं. कागदावर तर मीपण कुणाला तरी करतेच ना."

दुसरा फोन अंबरनाथहून. तिथल्या एमआयडीसीत वॉशिंग मशीन बनवणारी एक कंपनी होती. माझ्या एका जुन्या सरांनी तिथे माझं नाव सांगितलं होतं. डिझाइनचं सगळं बघणारे हरिचंद्र सर पन्नाशीचे होते, आवाज करडा, बोलणं सरळ. "मॅडम, आम्हाला आमचा माणूस पाहिजे. बाहेरचे येतात, भिंतीवर रंगीत कागद चिकटवतात, चहा पितात आणि जातात. मशीन शेवटी आमच्याच गळ्यात."

त्यांची अडचण मला लगेच कळली, कारण ती माझ्या घरात रोज घडत होती. आमच्याकडे पाणी मध्येच जातं. पाणी गेलं की मशीन थांबतं. थांबलं की बाईला वाटतं बिघडलं. ती बंद करून पुन्हा चालू करते आणि धुणं पहिल्यापासून सुरू होतं. पुढे तक्रार कंपनीकडे. हे सगळं मशीनच्या वरच्या पट्टीवर, सात बटणांत आणि चार दिव्यांत, सुधारायचं होतं.

प्रमोदला, माझ्या नवऱ्याला, यात विचार करण्यासारखं काही दिसेना. "रिक्षाने वीस मिनिटं. पोरगी जवळ. आणि तुझंच काम. अजून काय पाहिजे?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्त राग आला. बाईला घराजवळची नोकरी मिळाली की ती सगळ्यांना चांगलीच दिसते. नोकरीत काय आहे हे कुणी विचारत नाही.

भावनाला सांगितलं तर ती हसली. "इन-हाउस म्हणजे एकाच कंपनीशी लग्न गं, तेजू. तेच मशीन, तीच सात बटणं, तीन वर्षं. सकाळी उठलं की समोर तेच थोबाड."

"आणि एजन्सी?"

"एजन्सी म्हणजे दर महिन्याला नवा पाहुणा. छान जेवायला घालायचं, फोटो काढायचे. भांडी घासायला दुसरं कुणीतरी असतं."

फोन ठेवल्यावर मी बंगलोरचा फोटो पुन्हा काढून बघितला. तिच्या मागे काचेवर जे पिवळे कागद होते, ते चुकीच्या क्रमाने लावले होते. मी असते तर तिसरा कागद वर घेतला असता. हे मला दिसत होतं आणि मी कुणाला सांगू शकत नव्हते. 

त्यानंतर हरिचंद्र सरांचा पुन्हा फोन. नव्या मशीनची चाचणी होणार होती. मशीन कधी न वापरलेल्या बायकांना बोलवायचं, वापरायला द्यायचं आणि बघायचं. "ही चाचणी आम्ही आधीच एका मुंबईच्या एजन्सीला दिलीय. तुम्ही नुसत्या बघायला या. मग सोमवारी मला हो की नाही सांगा."

ती एजन्सी भावनाचीच निघाली. तिलाही माझं उत्तर सोमवारीच हवं होतं.

"मी येतेय चाचणी घ्यायला," ती म्हणाली. "तू क्लायंटच्या बाजूने बसणार, मी समोर नाचणार. साईं, क्या दिन आ गए."

मला ते चित्र आवडलं. लपवत नाही. ती उभी, मी बसलेली, माझ्या हातात पेन. लग्नातली मोरपंखी सिल्कची कुर्ती मी इस्त्री करून ठेवली.

चाचणीच्या सकाळी हरिचंद्र सरांनी सांगितलं की चिखलोलीहून येणाऱ्या एका बाईंच्या घरी ताप आहे, त्या येत नाहीत. "तुमच्या ओळखीत आहे का कुणी? मशीनला हात न लावलेली?"

बकूला खाली सोडायला गेले तेव्हा मी चांगुणाताईंना विचारलं. त्यांनी ओच्याला हात पुसले. "येते की. कंपनी बघून होल. पोरगी पण येल माझ्यासंगती."

"बकूला मी घेईन तिथे."

"तू कामात असशील," त्या म्हणाल्या आणि साडी बदलायला आत गेल्या.

रिक्षात बकू त्यांच्या मांडीवर बसली. मी हात पुढे केले होते. तिने माझ्या कुर्तीवरचा एक मोर बोटाने दाबून बघितला आणि परत बाहेर बघू लागली.

कंपनीच्या कँटीनला लागून एक मोठी खोली होती. मधोमध मशीन, त्याचा नळ खोलीच्या मागच्या भिंतीला, समोर तिपाईवर कॅमेरा. बघणाऱ्यांच्या खुर्च्या मशीनपासून दूर, वापरणाऱ्या बाईच्या पाठीमागे. तिथे मी आणि हरिचंद्र सर. बघणाऱ्यांनी बोलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. समोर काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही. नाहीतर माणूस मशीन सोडून तुमचा चेहरा वापरायला लागतो.

"तेजू, नियम माहितीये ना?" भावना म्हणाली.

तो नियम तिला मी शिकवला होता. मी मान हलवली.

ती प्रत्यक्षात फोटोपेक्षा बारीक झाली होती, डोळ्यांखाली काळं. पण काम तिला आलं होतं, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं आणि ते गिळायला जड गेलं. बायका आल्या की ती खुर्ची सोडून बुटक्या स्टुलावर बसायची, म्हणजे त्यांना वरून बोलावं लागायचं. आवाज खाली ठेवायची. त्यांच्या हातांकडे बघायची, तोंडाकडे नाही. पहिल्या दोन बायका आल्या, झाकण उघडलं, बटण दाबलं, मशीन थांबलं तशा थांबल्या. काय वाटतंय विचारलं की, "काय नाय," म्हणायच्या. बायकांना बोलतं करणं ही या कामातली जुनी अडचण आहे. मनात चाललेलं बाहेर काढायची त्यांना सवय नसते.

तिसऱ्या चांगुणाताई. बकू कडेवर.

"ताई, परीक्षा मशीनची आहे, तुमची नाही," भावना म्हणाली. "फक्त एक करायचं. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. हात काय करतोय, डोकं काय म्हणतंय, सगळं. मध्ये थांबायचं नाही."

"सगळा?"

"सगळं. आणि मागे कोण बसलंय ते विसरून जा. समजा तिथे कुणी नाहीच."

चांगुणाताईंनी मागे वळून आमच्याकडे बघितलं, आम्ही असल्याची खात्री केली, आणि मशीनकडे वळल्या.

"आता मी झाकण उघडते. आत हात घातला, गार हाय. कपडे टाकते. हा कुणाचा शर्ट हाय कोण जाणे, गळा किती मळवलाय. आता बटणा. लय हायेत. हिरवा दाबते, हिरवा म्हणजे चालू. बकू, तू नको गो दाबू. दाबला. पाणी आला, आवाज येतो."

हरिचंद्र सर पुढे सरकून बसले. इतकं बोलणारी बाई त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. मीही पेन उघडलं आणि मनात म्हटलं, ही मी आणलेली आहे.

ठरल्याप्रमाणे सरांनी हळूच उठून आमच्या मागचा नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबला. मशीनवर एक लाल दिवा लागला आणि सगळं शांत.

"थांबला," चांगुणाताई म्हणाल्या. "बिघडला वाटते. माझ्यानीच बिघडला." त्यांनी मशीनवर हलकी थाप मारली. "नाय, चालत नाय."

"हं. पुढे बोला."

"पुढे काय? मशीन गप झाला."

"मनात काय येतंय?"

"मशीनचा काय नाय येत आता मनात."

"मग जे येतंय ते बोला," भावना म्हणाली. आमच्या कामाच्या पुस्तकात असंच लिहिलंय. माणसाला बोलण्यापासून अडवू नका, आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नका.

चांगुणाताईंनी बकूला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मनात येते, हिची आय मागे बसली हाय. बघते. मना पाठीला समजते. रोज बघते वरून, खिडकीतून. आधी मना राग यायचा. वाटायचा, मी काय पोरीला मारते, का उपाशी ठेवते, ते बघते का काय. मग मी मुद्दाम अंगणातच बसाया लागली, खिडकीच्या समोर. म्हटला बघ, पोटभर बघ."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"काम हाय म्हणून सोडून जाते. काम नाय तिला. मना म्हाईत हाय. दोन तास पोरगी माझ्याकडं देते, न दोन तास वर उभी राहते. आता असा माणूस कुठं असतो काय?"

हरिचंद्र सर कॅमेऱ्याच्या तिपाईकडे बघू लागले. भावनाचे डोळे एक क्षण माझ्याकडे आले. मी बघितलं त्यांत काय आहे ते. दया होती. मोरपंखी कुर्ती घालून मी तिची दया घेत बसले होते. मला उठून जाता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, हसून वेळ मारून नेता येत नव्हती. मी तिथे नव्हतेच.

"हं," भावना म्हणाली.

"आता नोकरी धरणार हाय ती. दोन आल्यात, एक हितली न एक मुंबईची. प्रमोदभाऊ सांगत होते. मना वाटते, मुंबईची धरावी तिनी."

"का?"

"का म्हणजे? हितली धरली तर साडेपाचला येल न पोरगी उचलून नेल. मुंबईची धरली तर रातपर्यंत माझ्याकडंच. माझ्याकडं जेवल, माझ्याकडं झोपल. झोपताना ती कान धरते. आपला नाय, दुसऱ्याचा. माझी पोरा मोठी झाली, त्यांना आता काय माझा कान लागत नाय." त्या थांबल्या. "हा नव्हता बोलायचा काय?"

"नाही नाही. बोला."

"बोलली की. झाला. आता हा लाल दिवा दिसतो. हा मगाशी होता काय? हा जर काय सांगत असला तर मना नाय समजला."

हरिचंद्र सरांनी घाईघाईने नळ सोडला. थांबलेलं मशीन एकदम गुरगुरत जागं झालं आणि बकू दचकून रडू लागली. मी उठले. नियम, कॅमेरा, काहीच आठवलं नाही, अर्धी उठून हात पुढे केलेले. बकूने मला बघितलंही. चांगुणाताईंच्या खांद्यावरून तिचं ओलं तोंड सरळ माझ्या समोर होतं. मग तिने ते त्यांच्या मानेत खुपसलं आणि एका हाताने त्यांचा कान धरला. रडणं थांबलं.

मी परत बसले.

नंतर दारात हरिचंद्र सर मला म्हणाले, "मॅडम, एवढं झालं, तुमची स्वतःची मुलगी रडली, तरी तुम्ही मध्ये पडला नाहीत. मी बघत होतो. आम्हाला असाच माणूस पाहिजे." त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. मी थँक्यू म्हटलं.

कँटीनमध्ये भावनाने दोन चहा आणले. खिडकीतून कंपनीचं फाटक दिसत होतं. चांगुणाताई बकूला आत येणारे ट्रक दाखवत उभ्या होत्या.

"सॉरी यार," भावना म्हणाली. "मी थांबवायला पाहिजे होतं."

"नियम आहे."

"तो भाग मी काढून टाकते. रिपोर्टमध्ये काही नाही येणार."

"लाल दिवा टाक मात्र. तो दिवा बिघडल्यासारखा दिसतो. थांबलंय आणि बिघडलंय यांत फरक दिसायला हवा. आणि एका कडेवर पोर असतं, बटण एकाच हाताने दाबलं जातं, तेही टाक."

 मग तिने टिश्यूवर लिहून घेतलं. "हेच तर," ती म्हणाली. "हेच मला सुचत नाही गं, तेजू. मी बोलते छान, लोकांना बोलतं करते. पण बटण कुठे जायचं ते अजून कळत नाही मला. दोन वर्षं चालवलंय कसंबसं. बंगलोरला क्लायंटने तिसरा कागद वर घ्यायला सांगितला, सगळ्यांसमोर. तू ये ना. तू आतून सांग, मी बाहेर उभी राहीन."

मला आनंद झाला. तिसऱ्या कागदाचं ऐकून तर फारच. फार चांगल्या जातीचा आनंद नव्हता तो, पण वर्षभरात तेवढा एकच मिळाला होता आणि मी तो चहाबरोबर सावकाश प्यायले. लोअर परळचं ऑफिस डोळ्यांसमोर आलं, काचेची भिंत, मी तिच्यासमोर. भावना बाजूला उभी राहून मला विचारतेय, इथे बरं दिसतं का गं. सोमवारची वाटच बघायला नको होती, तेव्हाच हो म्हणून टाकावं असं झालं.

"हे झालं की तू काय करणार?" मी विचारलं.

"रिपोर्ट शुक्रवारी. पुढच्या आठवड्यापासून मोबाइलवाल्यांचं काम. ह्या मशीनचं काय झालं ते मला कळणारही नाही. आणि ती बाई." ती फाटकाकडे बघत हसली. "क्या बाई है यार. तुझ्याबद्दल कुणी एवढा विचार तरी करतं. माझ्याबद्दल घरी फक्त विचारतात, किती वाजता येणार."

बाहेर चांगुणाताईंनी बकूला खाली ठेवलं होतं. बकू मातीत बसून खडे वेचत होती. वेचता वेचता ती मागे सरकली, सरकत सरकत त्यांच्या पायांपर्यंत गेली, आणि न बघता पाठ टेकून बसली. तिथे पाय असणारच हे तिला माहीत होतं.

माझं दोन्हीकडे दुखत होतं. भावनाच्या गळ्यातल्या त्या ओळखपत्राकडे बघून दुखायचं ते ओळखीचं झालं होतं, त्याच्यासोबत जगता येत होतं. हे दुसरं तसं नव्हतं. रात्रीपर्यंत, ती बाई म्हणाली होती. जेवेल माझ्याकडे, झोपेल माझ्याकडे. आणि हे मी तिला स्वतःच्या हाताने द्यावं म्हणून ती रोज वाट बघत होती, खिडकीसमोर बसून.

"मी इथेच येतेय," मी म्हटलं.

भावनाचा चेहरा उतरला. तेही मला बरं वाटलं. "बाळासाठी ना," ती म्हणाली. "समजू शकते."

लोकांना हे कारण फार आवडतं. मी ते तसंच राहू दिलं.

परतताना रिक्षात बकू चांगुणाताईंच्या मांडीवर झोपली होती. बेलवलीच्या आसपास त्या म्हणाल्या, "मी जास्त बोलली काय?"

"तुम्हाला बोलायलाच सांगितलं होतं."

"ती बाई बोलली ना, सगळा बोल म्हणून. माझ्या जल्मात मना कुणी असा सांगितला नाय. मना वाटला, मशीन गप झालाय, तर आपण तरी बोलावा."

"खरं होतं का ते?"

"मग काय मशीनच्या पुढे खोटा बोलू?"

मी रस्त्याकडे बघितलं. "मी इथलीच नोकरी घेतेय."

त्यांनी बकूच्या तोंडावर आलेले केस मागे केले. केस मागे करायला इतका वेळ लागत नाही. "म्हणजे साडेपाच," त्या म्हणाल्या.

"पावणेसहा. रिक्षा मिळायला हवी."

"संध्याकाळची नाय मिळत लवकर. सहा धर."

"पावणेसहा."

"बघू," त्या म्हणाल्या.

मी कामाला लागले ती जानेवारीत. पहिल्याच दिवशी हरिचंद्र सरांनी मला मशीनसमोर खुर्ची दिली आणि म्हणाले, "हे आता तुमचं." लाल दिवा आधी काढायला लावला मी. त्याच्या जागी छोटी पट्टी असावी आणि पाणी गेलं की तिच्यावर साध्या मराठीत अक्षरं यावीत, 'पाण्याची वाट बघत आहे', असं मी कागदावर काढून दाखवलं. सर म्हणाले, मशीन कधी वाट बघतं का? मी म्हटलं, बाई बघते. ते कागद घेऊन गेले. भावना असती तर हे तिने जास्त छान सांगितलं असतं, असं वाटलं, आणि दुपारी मी तिचे नवे फोटो बघितले नाहीत. संध्याकाळी निघायच्या आधी बघितले. गोवा.

रिक्षा लगेच मिळाली. पावणेसहाला मी अंगणात उभी होते, घामाघूम, हातात बकूसाठी बिस्किटांचा पुडा. अंगण रिकामं. आत बकू गोधडीवर झोपलेली आणि चांगुणाताई शेजारी बसलेल्या.

"आत्ताच झोपली," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"ह्या वेळेला?"

"दुपारी झोपलीच नाय. खेळत होती." त्यांनी माझ्या डोळ्यांत बघायचं टाळलं. तिला दुपारी कुणी खेळत ठेवलं ते मी विचारलं नाही. "उठवू नको आता, रडल. तू जा वर, हातपाय धू. उठली का मी आणून देते."

"बसते मी."

"दमली असशील."

"नाही दमले."

मी चपला काढल्या आणि बकूच्या दुसऱ्या बाजूला बसले. मध्ये ती, तोंड उघडं टाकून, गालाला गोधडीचा वळ. बाहेर कुणीतरी पार्किंगमध्ये गाडी मागे घेत होतं. घरात तांदळाचा आणि पोरांचा वास.

"चहा ठेवते तुना," चांगुणाताई म्हणाल्या.

"ठेवा ना."

त्या उठल्या नाहीत. चूल मागच्या पडवीत होती, तिथून गोधडी दिसत नाही. बकू डोळे उघडेल तेव्हा समोर जी असेल, तिच्याकडे ती हात करेल, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"का मी ठेवू?" मी विचारलं.

"ठेव. साखर फळीवर हाय."

मीही उठले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि त्यांनी ते पदराने पुसल्यासारखं केलं. मग आम्ही दोघी पुन्हा बकूकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने तिने कूस बदलली. डोळे मिटलेलेच. गोधडीतून एक हात बाहेर आला, बोटं उघडमिट करत, आणि हवेत कान शोधू लागला.

आम्ही दोघी एकदमच वाकलो.